पोटातील महारोहिणी फुटते तेव्हा



वार्षिक अहवालातील जमाखर्चाची पाने लिहून झाली की एखाद्या विभागाची ओळख करून देणारा लेख लिहिण्याचे काम परंपरेने प्रशासन कार्यालयाकडे येते. यंदाचा विषय मात्र मी निवडलेला नाही. तो दोन बाजूंनी माझ्यापर्यंत चालत आला. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारणा केली, की शस्त्रक्रियागृहाच्या भांडारातील काही कृत्रिम रक्तवाहिन्या एकदाही न वापरता मुदतबाह्य झाल्या आणि निर्लेखित कराव्या लागल्या, तर त्या मुळात खरेदी केल्याच कशासाठी? प्रश्न रास्त होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. न हलणारा साठा म्हणजे अडकून पडलेले भांडवल, हे महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी मनावर ठसलेले सूत्र. त्यामुळे बैठकीत मी जे उत्तर दिले ते माझे मलाच अपुरे वाटले.

त्याच महिन्यात कार्यालयात एक पत्र आले. पत्र लिहिणाऱ्यांचे वडील आपल्या शस्त्रक्रियागृहात दगावले होते. पत्रात राग नव्हता. देयकाबद्दल तक्रार नव्हती. तीन प्रश्न होते, आणि शेवटी एक वाक्य होते, की मध्यरात्री ज्या कागदावर सही केली तो आम्ही वाचलाही नाही. विश्वस्तांचा प्रश्न आणि या कुटुंबाचे प्रश्न वरवर पाहता अगदी निराळे आहेत. परंतु शल्यविशारदांशी आणि भूलतज्ज्ञांशी बोलल्यावर ध्यानात आले, की ते एकाच गोष्टीशी येऊन मिळतात. म्हणून हा लेख. यातील वैद्यकीय भाग आपल्या तज्ज्ञांनी तपासून दिला आहे. मांडणीतील उणिवा माझ्या. कुटुंबीयांची संमती घेतली असून नावगाव अर्थातच दिलेले नाही.

रुग्ण बहात्तर वर्षांचे, एस. टी. महामंडळातून वाहक म्हणून निवृत्त झालेले. रात्रीचे जेवण झाल्यावर डाव्या कुशीत आणि पाठीत एकाएकी कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला. थोड्या वेळाने बरे वाटले, पण कळ काही जाईना. तालुक्याच्या गावी डॉक्टरांनी मुतखड्याची कळ समजून वेदनाशामक इंजेक्शन दिले; तासाभराने पुन्हा तपासले आणि रक्तदाब उतरलेला पाहून त्यांनीच तातडीने आपल्याकडे रवाना केले. पहाटे पावणेतीनला ते जीपमधून उतरले आणि दोन मुलांच्या खांद्यावर हात टाकून, चालत, आपल्या तातडीच्या विभागात आले. परिचारिकेला स्वतःचे नाव सांगितले, प्यायला पाणी मागितले. दहा मिनिटांत खाटेवरच सोनोग्राफी झाली, वीस-पंचवीस मिनिटांत सीटी स्कॅन झाला, तीन पस्तीसला ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते. सव्वापाचला ते गेले.

मुलांचा पहिला प्रश्न हाच होता: चालत आलेला, बोलणारा माणूस अडीच तासांत जातो कसा?

उत्तरासाठी थोडे शरीरशास्त्र सांगणे भाग आहे. महारोहिणी ही शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. हृदयाच्या डाव्या भागातून निघून ती छातीत कमानीसारखी वळते, पाठीच्या कण्याला बिलगून खाली उतरते, श्वासपटल ओलांडून पोटात येते आणि साधारण बेंबीच्या पातळीवर दुभंगून दोन्ही पायांकडे जाते. वाटेत आतडी, यकृत, मूत्रपिंडे यांना तिचे फाटे फुटतात. मूत्रपिंडांच्या फाट्यांखाली तिचा व्यास प्रौढ माणसात सुमारे २ सेंटिमीटर असतो. काही जणांत उतारवयात तिची भिंत कमकुवत होऊन हा भाग हळूहळू फुगू लागतो. व्यास ३ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक झाला की त्यास ॲन्युरिझम म्हणतात. पुरुष, पासष्टी ओलांडलेले, विडी-सिगारेट ओढणारे, उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला हा विकार होता असे लोक यांत त्याचे प्रमाण अधिक. धूम्रपानाचा वाटा या सर्वांत मोठा. (मधुमेहींमध्ये मात्र हा विकार तुलनेने कमी आढळतो. मधुमेहाच्या बाजूने बोलावे अशी ही बहुधा एकमेव बाब असावी.)

सायकलच्या जुन्या ट्यूबवर एखादे ठिकाणी फुगा आला, तर पुढची हवा त्याच फुग्यात शिरते आणि तो आणखी फुगतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. रक्तवाहिनीचेही तसेच. भिंतीवरील ताण आतल्या दाबाबरोबर वाढतो तसा त्रिज्येबरोबरही वाढतो. म्हणजे फुगवटा जितका मोठा, तितकी त्याची आणखी मोठे होण्याची आणि फुटण्याची शक्यता अधिक. ३ ते ४ सेंटिमीटरचा फुगवटा क्वचितच फुटतो. ५.५ सेंटिमीटरच्या पुढे मात्र धोका इतका वाढतो की, प्रकृती साथ देत असल्यास, पुरुषांत तो आधीच दुरुस्त करावा असा संकेत आहे. स्त्रियांत हा विकार कमी, पण फुगवटा लहान असतानाही फुटू शकतो, म्हणून त्यांच्यासाठी मर्यादा थोडी अलीकडे, ५ सेंटिमीटरच्या आसपास धरतात. दुर्दैव असे, की फुटेपर्यंत तो बहुतेकांना काहीच त्रास देत नाही. वर्षानुवर्षे माणूस शेतात राबतो, बस चालवतो, नातवंडांना खांद्यावर घेतो, आणि पोटात काय वाढते आहे याचा त्यास पत्ता नसतो.

फुगवटा पुढच्या बाजूने, थेट उदरपोकळीत फुटला, तर रक्तास अडवणारे तेथे काहीच नसते. असे रुग्ण बहुधा घरीच किंवा वाटेत दगावतात. परंतु पुष्कळदा तो मागच्या बाजूने, विशेषतः डावीकडे फुटतो. तेथे पाठीचे स्नायू, चरबी आणि उदरपटल यांच्यामध्ये बंदिस्त जागा असते. रक्त तेथे साठते, गोठते, आणि तीच गुठळी काही काळ बुचासारखी त्या छिद्रावर बसून राहते. रक्तदाबही उतरलेला असल्यामुळे बुचावर जोर कमी पडतो. पहिल्या कळेनंतर वाटलेला तो थोडासा आराम आणि दोन मुलांच्या खांद्यावर हात टाकून आलेली ती चाल, हे सारे त्या बुचाच्या भरवशावर होते. बूच किती वेळ टिकेल हे कोणालाही सांगता येत नाही. कधी कित्येक तास टिकते, कधी तपासणीच्या टेबलावर उचलून ठेवताना निसटते.

यातूनच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. मुलांनी लिहिले होते, की वडिलांचा रक्तदाब ८० वर आला असताना तुमच्या डॉक्टरांनी सलाईन जोरात सोडण्याऐवजी जवळजवळ बंद केले; आम्ही हात जोडले तरी ऐकले नाही. सामान्य माणसास हे निष्काळजीपणाचे वाटणे स्वाभाविक आहे. मी स्वतः या जागी तीस वर्षांपूर्वी उभा असतो तर मलाही तसेच वाटले असते. तथापि आजच्या शास्त्राप्रमाणे, रुग्ण शुद्धीवर आहे, बोलतो आहे, तोवर वरचा रक्तदाब ७० ते ९० च्या दरम्यान राहू देणे हाच उपचार आहे. भराभर सलाईन दिले तर दाब वाढतो आणि बूच उडते. शिवाय सलाईन हे रक्त नव्हे, ते रक्त पातळ करते, थंड करते आणि उरलेली गोठण्याची शक्तीही घालवते. ७० च्या खाली फार वेळ राहिल्यास हृदय आणि मेंदू धोक्यात येतात, म्हणून त्या खालीही जाऊ द्यायचे नसते. या अरुंद पट्ट्यात रुग्णास धरून ठेवून शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचविणे, हे त्या पन्नास मिनिटांतील काम होते. डॉक्टरांनी ते नीट केले. ते का करीत आहेत हे मुलांना समजावून सांगण्यास मात्र त्या वेळी कोणी मोकळे नव्हते, आणि ही उणीव कार्यालयाची आहे. आता तातडीच्या विभागात रात्रपाळीस समाजसेवा विभागाची एक व्यक्ती याच कामासाठी नेमली आहे.

तिसरा प्रश्न तालुक्याच्या डॉक्टरांविषयी होता. त्यांची चूक झाली का? आपल्या शल्यविशारदांनी यावर जे सांगितले ते मी जसेच्या तसे लिहितो आहे. पोटात किंवा पाठीत कळ, उतरलेला रक्तदाब आणि पोटात हाताला लागणारा धडधडणारा गोळा ही तीन लक्षणे पुस्तकात एकत्र दिलेली असतात. पण तिन्ही एकाच रुग्णात सापडणे निम्म्या वेळीही घडत नाही. गुठळी डाव्या मूत्रपिंडाभोवती साठते, त्यामुळे कळ हुबेहूब मुतखड्यासारखी येते. कधी कंबरेतील चकती सरकल्यासारखे वाटते, कधी हृदयविकाराचा झटका वाटतो. मोठ्या शहरांतील नामवंत रुग्णालयांतही ही गफलत होते. साठीच्या पुढील पुरुषास आयुष्यात प्रथमच मुतखड्याची कळ आली आणि त्यासोबत अंधारी किंवा घाम आला, तर महारोहिणी पाहून घ्यावी, हा धडा आपण सर्वांनी घ्यावा. त्या डॉक्टरांनी पुन्हा तपासले, रक्तदाब पाहिला आणि वेळ न दवडता पाठविले, हे महत्त्वाचे. चिठ्ठीवर त्यांनी वेळ आणि इंजेक्शनचे नाव लिहिले होते, जे पुष्कळ जण लिहीत नाहीत.

आता टेबलावर काय होते ते पाहू. येथे एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. इतर शस्त्रक्रियांत रुग्णास आधी भूल देतात, मग पोट स्वच्छ करून निर्जंतुक चादरी अंथरतात. येथे क्रम उलटा असतो. रुग्ण जागा असतानाच पोटास औषध लावतात, चादरी पसरतात, शल्यविशारद हातमोजे घालून सुरी हातात घेऊन उभे राहतात, आणि मगच भूलतज्ज्ञ भूल देतात. कारण भूल दिली की पोटाचे स्नायू सैल पडतात, आतला आधार जातो, रक्तवाहिन्याही सैलावतात आणि रक्तदाब एकदम कोसळतो. तेथून पुढे प्रत्येक मिनिट मोजके असते.

छातीच्या हाडाखालपासून ओटीपोटापर्यंत एकच उभा छेद घेतात. प्रथम श्वासपटलाजवळ महारोहिणी कण्यावर दाबून धरतात किंवा तेथे क्लॅम्प, म्हणजे रक्तवाहिनी आवळून धरणारा चिमटा, लावतात. त्यामुळे रक्तस्राव थांबतो, पण त्याबरोबर मूत्रपिंडे आणि आतडी यांचाही रक्तपुरवठा थांबतो. म्हणून शक्य तितक्या लवकर चिमटा मूत्रपिंडांच्या फाट्यांखाली आणावा लागतो. खालच्या दोन्ही फाट्यांवर चिमटे बसतात. मग फुगवटा उघडतात, आतील गुठळ्या काढतात, कण्याच्या बाजूने उलट वाहणारी लहान छिद्रे टाके घालून बंद करतात आणि मध्ये विणलेल्या पॉलिएस्टर कापडाची नळी बसवून वरचे व खालचे टोक बारीक दोऱ्याने शिवतात. ही नळी म्हणजेच विश्वस्तांच्या प्रश्नातील कृत्रिम रक्तवाहिनी, ग्राफ्ट. शेवटी चिमटे सोडताना पायांत अडकलेले रक्त परत येते आणि रक्तदाब पुन्हा कोसळू शकतो, म्हणून एक पाय आधी, दुसरा नंतर, असे सोडतात.

आपल्या रुग्णाच्या बाबतीत वरचा चिमटा वेळेत लागला होता. नळीचे वरचे टोक शिवून झाले होते. पण तोवर रक्त बरेच गेले होते. शरीर थंड पडले, रक्तातील आम्लता वाढली आणि रक्त गोठेनासे झाले. या तिन्ही गोष्टी एकमेकींना वाढवीत नेतात. चौथ्या तासाकडे जाणारे शर्थीचे प्रयत्न करण्याची वेळच आली नाही. हृदय थांबले ते पुन्हा सुरू झाले नाही.

कुटुंबास हे सांगताना मी एक आकडाही सांगितला, तो येथे देतो, कारण देणगीदारांनीही तो जाणून घ्यावा. महारोहिणी फुटलेल्यांपैकी बहुसंख्य, काही अभ्यासांप्रमाणे १०० पैकी ८० हून अधिक, दगावतात. त्यांतील बरेच रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. जे पोहोचतात आणि ज्यांच्यावर शस्त्रक्रिया होते, त्यांतीलही तिसरा हिस्सा ते निम्मे पहिल्या महिन्यात जातात, आणि हे आकडे उत्तम केंद्रांतील आहेत. याउलट, फुटण्याआधी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत १०० पैकी पाचांहून कमी दगावतात. शल्यविशारद तेच, नळी तीच, दोराही तोच. फरक फक्त त्या एका रात्रीचा.

जे वाचतात त्यांचाही मार्ग सोपा नसतो. त्याच वर्षी एक ऊस उत्पादक शेतकरी अशाच अवस्थेत आले आणि वाचले. त्यांचे पोट सूज उतरेपर्यंत पाच दिवस न शिवता झाकून ठेवावे लागले, मूत्रपिंडे मंदावल्याने काही वेळा डायलिसिस करावे लागले, आतड्याला रक्त नीट पोहोचते आहे की नाही याची धास्ती आठवडाभर होती. तेविसाव्या दिवशी ते घरी गेले. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळा वॉर्ड माई म्हणू लागला होता, दररोज सकाळी अतिदक्षता विभागाच्या दारात बसत आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "साहेब, आज लघवी किती झाली?" हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे त्यांना आमच्या काही नव्या कर्मचाऱ्यांपेक्षा अधिक कळले होते.

सहीचा प्रश्न उरतो. संमतीपत्रावर सही घेणे ही कायद्याची गरज आहे, पण तिच्यामागे अर्थही आहे. शस्त्रक्रिया नाकारण्याचा अधिकार रुग्णास असतो, आणि काही वेळा तो नकार सुज्ञपणाचा असतो. विख्यात शास्त्रज्ञ आल्बर्ट आइन्स्टाइन यांना हाच विकार होता. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ निसेन या शल्यविशारदांनी त्यांचे पोट उघडले. त्या काळी रक्तवाहिनी बदलण्याचे तंत्र नव्हते, म्हणून फुगवट्याभोवती सेलोफेन गुंडाळण्यात आले; त्याने भोवती जाड आवरण तयार होऊन फुगवट्यास आधार मिळावा अशी कल्पना होती. त्यानंतर ते सहा वर्षांहून अधिक जगले. एप्रिल १९५५ मध्ये फुगवटा फुटला तेव्हा शस्त्रक्रियेचा नवा मार्ग उपलब्ध झालेला होता, पण शहात्तर वर्षांच्या आइन्स्टाइन यांनी तो शांतपणे नाकारला आणि १८ एप्रिल रोजी प्रिन्स्टन येथे त्यांचा अंत झाला. नव्वदीच्या घरातील, अंथरुणास खिळलेल्या रुग्णाचे नातेवाईक जेव्हा आमच्या डॉक्टरांना विचारतात, "तुमचे वडील असते तर तुम्ही काय केले असते?", तेव्हा डॉक्टर वेदना शमविण्याचा आणि सोबत बसण्याचा सल्ला देतात. तोही उपचारच आहे. त्या रात्रीच्या कागदाची भाषा कठीण होती हे मात्र मान्य. आता एका पानाचे, मोठ्या अक्षरांतील मराठी संमतीपत्र तयार केले असून, वाचता न येणाऱ्यांस ते मोठ्याने वाचून दाखविले जाते.

अनामत रकमेविषयीही एक गैरसमज दूर करावासा वाटतो. अशा रुग्णाकडे आपले रुग्णालय दारात पैसे मागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या आणि २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या आहेत, देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची आहे, आणि तातडीच्या प्रसंगी रुग्णास दाखल करून प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यावयाचे आहेत. त्यामुळे पहाटे तीन वाजता रोखपालाची खिडकी बंद असली तरी रक्तपेढीचे दार उघडे असते.

आणि येथे मी विश्वस्तांच्या प्रश्नाकडे येतो.

रक्तवाहिनी बदलण्याचे तंत्र फार जुने नाही. १९५१ साली पॅरिस येथे शार्ल द्युबोस्त यांनी मृत व्यक्तीची रक्तवाहिनी वापरून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. पुढे अमेरिकेतील ह्यूस्टन येथे मायकेल डीबेकी यांनी डेक्रॉन या पॉलिएस्टर कापडाच्या नळ्या घरच्या शिलाई यंत्रावर शिवून पाहिल्या. दुकानात नायलॉन संपले होते म्हणून त्यांनी डेक्रॉन घेतले, अशी कथा ते स्वतः सांगत. आज आपण भांडारात ठेवतो ती नळी त्याच कुळातील. माणसामाणसाची महारोहिणी सारखी नसते, म्हणून १६, १८, २०, २२ मिलिमीटर अशा मापांच्या सरळ नळ्या आणि दोन पाय असलेल्या नळ्या, दोन्ही हाताशी लागतात. फुटलेला फुगवटा उघडल्यावर योग्य मापाची नळी शहरातून मागविण्यास वेळ नसतो. म्हणजे एका रुग्णास एकच नळी लागणार असली तरी फळीवर सहा-सात असाव्या लागतात, आणि त्यांतील काही निर्जंतुक वेष्टनाची मुदत संपेपर्यंत तशाच राहणार, हे खरेदी करतानाच ठाऊक असते. व्यापारात याला तोटा म्हणतात. अग्निशमन दलाचा बंब दिवसभर उभा राहिला म्हणून नगरपालिका तो विकत नाही.

रक्तपेढीचेही असेच. लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंशांवर सुमारे ४२ दिवस टिकते; गोठविलेला प्लाझ्मा वर्षभर टिकतो, पण वापरण्यापूर्वी कोमट पाण्यात वितळविण्यास वीस-तीस मिनिटे जातात; बिंबिकांची पिशवी खोलीच्या तापमानास सतत हलवत ठेवावी लागते आणि ती केवळ ५ दिवस टिकते. अशा रुग्णास लाल पेशी, प्लाझ्मा आणि बिंबिका तिन्ही बरोबरीने द्याव्या लागतात. म्हणजे न वापरलेल्या बिंबिका दर आठवड्यास काही प्रमाणात वाया जाणारच. त्या शून्य वाया जातील अशी व्यवस्था मी उद्या करू शकतो. त्यासाठी फक्त त्या ठेवणे बंद करावे लागेल.

पोट न उघडता, जांघेतील रोहिणीतून धातूची जाळी आणि कापड यांची घडी केलेली नळी वर सरकवून आतून बसविण्याची पद्धत अर्जेंटिनातील हुआन पारोदी यांनी १९९० साली रूढ केली, आणि १९९४ पासून फुटलेल्या फुगवट्यासाठीही तिचा अवलंब होऊ लागला. ब्रिटनमधील केंद्रांच्या पुढाकाराने ६१३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या महिन्यातील मृत्यू दोन्ही धोरणांत जवळजवळ सारखे आढळले: आतून दुरुस्तीच्या धोरणात सुमारे ३५ टक्के, पोट उघडण्याच्या धोरणात सुमारे ३७ टक्के. तीन वर्षांनंतर मात्र पहिल्या गटात अधिक लोक हयात होते. केवळ जागा बधिर करून ज्यांच्यावर उपचार झाले त्यांची प्रगती अधिक चांगली दिसली. हे सारे खरे. पण प्रत्येकाच्या रोहिणीची ठेवण या पद्धतीस अनुकूल नसते, आणि या नळ्यांची किंमत काही लाखांच्या घरात जाते. मोठ्या शहरांत पुरवठादार सर्व मापे रुग्णालयात ठेवून जातात आणि वापर झाल्यावरच देयक पाठवितात. आपल्यासारख्या ठिकाणी, वर्षाकाठी मोजकेच रुग्ण असल्याने, ते तयार होत नाहीत. म्हणून मध्यरात्री आलेल्या रुग्णासाठी आज तरी आपला भर पोट उघडून करावयाच्या शस्त्रक्रियेवरच आहे. पुरवठादारांशी बोलणी चालू आहेत. त्यात यश आले तर पुढील अहवालात लिहीन.

याहून स्वस्त उपायही आहे. पोटाची साधी सोनोग्राफी काही मिनिटांत महारोहिणीचा व्यास सांगते, सुई नाही की वेदना नाही. ब्रिटनमध्ये २००९ पासून टप्प्याटप्प्याने पासष्टीच्या पुरुषांस एकदा ही तपासणी विनामूल्य दिली जाऊ लागली. त्यापूर्वी सुमारे ६७,८०० पुरुषांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तपासणीस बोलाविलेल्यांत या विकाराने होणारे मृत्यू चार वर्षांत सुमारे ४२ टक्क्यांनी कमी आढळले होते. आपल्या देशात अशी राष्ट्रीय मोहीम नाही, आणि सरसकट सर्वांची तपासणी करावी इतका हा विकार आपल्याकडे आढळत नाही, असे आपले तज्ज्ञ म्हणतात. परंतु निवडक लोकांची करता येईल. लिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या नियमांमुळे सोनोग्राफी यंत्र गावोगावच्या शिबिरांत नेण्यावर निर्बंध आहेत, म्हणून शिबिरातच नावे नोंदवून घेऊन, पासष्टीच्या पुढील धूम्रपान करणारे पुरुष आणि ज्यांच्या घरात असा मृत्यू झाला आहे ते, यांना दर गुरुवारी दुपारी रुग्णालयात बोलावीत आहोत. प्रोस्टेटसाठी सोनोग्राफीस येणाऱ्या वृद्धांच्या अहवालात महारोहिणीचे माप लिहिणेही सुरू केले आहे. त्यास वेगळा खर्च नाही.

पत्र लिहिणाऱ्या मुलांना मी भेटीस बोलाविले होते. दोघे भाऊ आणि त्यांचे काका आले. दीड तास बसले. मुलांनी सलाईनविषयी पुन्हा विचारले, शल्यविशारदांनी पुन्हा कागदावर चित्र काढून समजावले. निघताना काकांनी, जे अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि चाळीस वर्षे विडी ओढत आले आहेत, संकोचून विचारले, की माझे पाहता येईल का. तो गुरुवार नव्हता, पण पाहिले. त्यांच्या महारोहिणीचा व्यास ४.२ सेंटिमीटर भरला. आज शस्त्रक्रियेची गरज नाही; रक्तदाबाची गोळी, विडी बंद आणि वर्षाने पुन्हा माप. मुलांचे माप सर्वसाधारण आले.

विश्वस्त मंडळाने पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात तातडीच्या साठ्यासाठी स्वतंत्र शीर्ष मंजूर केले आहे. कृत्रिम रक्तवाहिन्या, शिवण्याचे विशेष दोरे, बिंबिकांच्या पिशव्या आणि रक्त तापवून देणारे यंत्र यांचा खर्च त्यातून होईल. मुदतबाह्य होणाऱ्या वस्तूंची यादी दर तिमाहीस मंडळासमोर ठेवली जाईल, आणि मुदत संपण्यापूर्वी सहा महिने त्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत वापरता येतील का, हे पाहिले जाईल. या शीर्षाखाली देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी कार्यालयाशी संपर्क साधावा. आयकर कायद्याप्रमाणे मिळणारी सवलत या देणगीसही लागू आहे. यंत्रावर जसा नामफलक लावता येतो तसा भांडारातील फळीवर लावण्याची सोय मात्र नाही.